गाव हलवा म्हणाले, म्हणून हलवलं

मामा नांदेडचे, भाची लातूरची. मामा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. मधली काही वर्षं किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामावर होते. भाची मुख्याध्यापक, बँकांचे शाखाधिकारी, पतसंस्थांचे सचिव अशांची शिबिरं घेते. विषय : भावनिक बुद्धिमत्ता आणि नेतृत्व. दोघांचा एकमेकांवर जीव आहे आणि एकमेकांच्या धंद्यावर काडीचा विश्वास नाही. पाडव्याला मामा लातूरला आले, पुरणपोळीचं जेवण झालं, आणि मग जे सुरू झालं ते मी ऐकत बसलो. नावं छापू नका म्हणाले. म्हणून मामा आणि भाची, एवढंच.

मामा : तुझ्या शिबिरात शिकवता काय, तर समोरच्याचं ऐकून घ्या, रागाच्या भरात बोलू नका. अगं, हे माझी आई फुकट सांगायची.

भाची : आणि तुम्ही ऐकलं का तिचं?

मामा : नाही ना. म्हणून तर कालवे वेळेत झाले.

भाची : हसण्यावारी नेऊ नका, मामा. डॅनियल गोलमनचं पुस्तक १९९५ ला आलं. त्याच्या आधी सालोव्ही आणि मेयर या दोघांनी ही कल्पना मांडलेली होतीच. म्हणणं साधं आहे. हुशारी आणि कामाची जाण एवढ्यानं माणसं मागं येत नाहीत. स्वतःच्या मनात काय चाललंय ते कळावं लागतं, समोरच्याच्या मनातलं ओळखावं लागतं, आणि दोन्हीचा मेळ घालून वागता यावं लागतं.

मामा : १९९५? म्हणजे किल्लारीनंतर दोन वर्षांनी. तोवर आम्ही काय दगड होतो? बरं, आता माझा माणूस घे. शंकरराव चव्हाण. लोक त्यांना हेडमास्तर म्हणायचे, ते काही लाडानं नव्हे. १९७५ ला मुख्यमंत्री झाले, १९८६ ला पुन्हा झाले. त्यांच्यापुढं फाइल घेऊन जायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा यायचा. पाठीवर हात ठेवून ‘काय राव, कसं काय’ हा त्यांचा पिंडच नव्हता. पण जायकवाडीचं धरण उभं राहिलं ना? १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ ला इंदिराबाईंच्या हस्ते उद्घाटन. शंभराहून जास्त गावं पाण्यात गेली, आणि तीही शंकररावांच्या जन्मगावाच्या, पैठणच्या, वरच्या अंगाची. प्रत्येक ओसरीवर बसून रडणाऱ्याचे डोळे पुसत बसले असते, तर जायकवाडीचा नाथसागर अजून नकाशावरच असता.

भाची : आणि त्या शंभर गावांचं काय? महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदाच मुळी १९७६ चा. जायकवाडीचं उद्घाटन त्याच साली. आधी पाणी आलं, मग कायदा आला. ओसरीवर कोणीतरी थोडं आधी बसलं असतं तर हा क्रम उलटा झाला असता.

मामा : कायद्याचं खापर एकट्या माणसाच्या डोक्यावर फोडू नकोस.

भाची : नाही फोडत. पण धरणाचं श्रेय तुम्ही एकट्याला दिलंत, म्हणून म्हटलं. आता माझा माणूस घ्या. विलासराव देशमुख. बाभळगावचे सरपंच म्हणून सुरुवात केली. १९९५ ला लातुरातच आपटी खाल्ली, आणि चार वर्षांनी मुख्यमंत्री म्हणून परत आले. पडल्यावर तोंड लपवून बसले नाहीत, कोणावर राग धरून बसले नाहीत. ते भेटले की माणूस हलका होऊन घरी जायचा, असं लातुरात अजून सांगतात.

मामा : आणि २००८? मुंबईवर हल्ला झाला, देश सुतकात होता, आणि मुख्यमंत्री जळका ताज बघायला गेले तेव्हा बरोबर कोण? मुलगा रितेश आणि सिनेमावाला रामगोपाल वर्मा. माणसांची नाडी ओळखणारा माणूस म्हणतेस ना? त्या दिवशी कुठं गेली होती नाडी? खुर्ची गेली. आणि गेली कोणाकडं? नांदेडला!

(हे मामांनी जरा जास्तच चवीनं सांगितलं. विलासरावांनंतर डिसेंबर २००८ मध्ये मुख्यमंत्री झाले ते अशोक चव्हाण, म्हणजे हेडमास्तरांचे चिरंजीव. पुढच्याच महिन्यात विभागीय आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय झाला आणि लातूर रस्त्यावर उतरलं. या दोन गावांत पाहुणचारापेक्षा चढाओढ जुनी; मामा-भाचीच्या वादातही तिचा थोडा मसाला असतोच.)

भाची : मग हा माझाच मुद्दा झाला की. गोड स्वभाव म्हणजे ही बुद्धिमत्ता नव्हे. गोड माणसालाही एखाद्या दिवशी समोरच्याचं दुःख दिसत नाही. आणि तुसडा माणूस पण कधी कधी अचूक ओळखतो.

मामा : म्हणजे शंकरराव चालतील तुला?

भाची : त्यांच्यात एक होतं. आज एक, उद्या एक असा कारभार नव्हता. काय मिळणार नाही हे लोकांना आधीच माहीत असायचं. धाक वाटायचा, धाकधूक नाही.

मामा : बरं झालं कबूल केलंस. आता शरद पवारांचं सांग. मार्च १९९३, मुंबईत स्फोट झाले. स्फोट सगळे हिंदू वस्तीच्या बाजूला. पवारांनी दूरदर्शनवरून एक जास्तीचा सांगितला, मशीद बंदरला झाला म्हणून. झालाच नव्हता. पुढं त्यांनीच कबूल केलं : दंगल पेटू नये म्हणून खोटं बोललो. तुझ्या शिबिरात हा धडा कुठं बसतो?

भाची : बसत नाही. मी तो घेतही नाही.

मामा : का?

भाची : कारण तो बरोबर होता असं मला वाटतं, आणि कोणाला शिकवायची भीतीही वाटते. समोरच्याच्या मनातलं ज्याला कळतं, त्याला ते फिरवताही येतं. मुंबई वाचवायला फिरवलं तर ठीक. उद्या एखादा चेअरमन ठेवीदारांना ‘घाबरू नका’ म्हणून फिरवेल.

इथं दोघंही थोडा वेळ थांबले. मला वाटलं, आता चहा आणि मग दुसरा विषय. पण ‘घाबरू नका’ हे दोन शब्द मामांच्या डोक्यात कुठंतरी अडकले असावेत.

मामा : घाबरू नका. हेच सांगितलं होतं किल्लारीत. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला; पण आदल्या साली, १९९२ च्या दिवाळीच्या आगेमागे, तिथं धक्के बसत होते. एक-दोन नव्हे, मालिकाच. लोक घाबरले, अंगणात बाजा टाकून झोपायला लागले. मग जो तो समजूत घालायला लागला. काही होत नाही, आपली जमीन लाखो वर्षांच्या काळ्या पाषाणाची आहे, ती काय हलते? हळूहळू लोकांना सवय झाली. थंडी पडली, बाजा आत गेल्या. पुढच्या अनंत चतुर्दशीला विसर्जन करून दमून झोपले, माळवदाखालीच. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आठ ते दहा हजार माणसं गेली. आता तू सांग, लोकांची भीती शांत करणं हेच तुमचं शास्त्र ना?

भाची : नाही. ती भीती शांत करायची नव्हती. ती ऐकायची होती.

मामा : हं. मग पुढचं ऐक. त्यानंतर आम्ही ऐकलीच.

मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इंजिनिअर माणूस, सांगताना हातानं हवेत भिंत उभी केली.

मामा : ते घर कसं असतं तुला माहीत आहे? दोन-अडीच फूट जाड भिंत. बाहेरून एक थर दगडाचा, आतून एक, मधे चिखल आणि बारीक दगड कोंबलेले. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर मेढी, तुळया आणि माळवद. गळायला नको म्हणून दर पावसाळ्याच्या आधी वर पांढरी माती टाकायची. आजोबांनी टाकली, बापानं टाकली, पोरानं टाकली. जुनी कोणी काढली नाही. डोक्यावर किती टन बसलंय याचा हिशेबच नाही. जमीन हलली तशी भिंत मधून फुगली आणि आत आली. कितीतरी घरांत लाकडाचा सांगाडा जागच्या जागी उभा होता, आणि माणसं खाली दगडात. लोकांनी काय बघितलं? दगडानं मारलं. आता दगड नको, माळवद नको, ही जागासुद्धा नको.

भाची : साहजिक आहे.

मामा : साहजिकच. आणि ऐकणाऱ्यांची काही कमी नव्हती. मुख्यमंत्री पवार सकाळीच हजर, पुढं मुक्काम ठोकून बसले. प्रवीण परदेशी जिल्हाधिकारी, चालून चालून पायाचे तुकडे पडेपर्यंत गावोगाव फिरले. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, पेठसांगवी, कुठंही जा, एकच मागणी : गाव हलवा. पाया पडून सांगायचे. म्हाताऱ्या बाया पाया पडायच्या, गं. कोण नाही म्हणणार? बावन्न गावं हलवायचं ठरलं. कारभार कठोर होता म्हणून नव्हे, मन होतं म्हणून.

भाची : आणि?

मामा : आणि घरं आखली. जमिनीच्या मापानं तीन प्रकार. भूमिहीन आणि अडीच एकराच्या आतल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरळ रस्ते, चौक, बागेला जागा. नगरासारखं गाव. जुनं गाव जेवढ्यात मावत होतं त्याच्या कितीतरी पट पसारा. झालं काय, बाईची जाऊ राहिली एका टोकाला, सासू दुसऱ्या. भावकी फुटली. रान लांब पडलं. बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, याला नकाशात जागा नाही. उन्हाळ्यात सिमेंटची भिंत तव्यासारखी. माळवदाखाली दुपारी गार झोप लागायची, ती गेली. आणि पाच-सात वर्षांनी मी परत गेलो तर काय बघतो? लोकांनी नव्या घराला चिकटून खोल्या काढलेल्या. कशाच्या? दगडाच्या. वर पत्रा. पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्यावर पुन्हा दगड!

भाची काही बोलली नाही.

मामा : म्हणून मला तुझ्या शिबिराची भीती वाटते. आम्ही ऐकलं नाही म्हणून चुकलं असं सगळे म्हणतात. मी तिथं होतो. आम्ही ऐकलं, म्हणून चुकलं.

प्रामाणिकपणे सांगतो, वाद इथं संपला असं मला वाटलं. कठोर माणसानं मऊ माणसाला मऊपणाचाच पुरावा देऊन गार केलं होतं. नेतृत्वावर लिहिणारे आपण सगळे ‘नेत्यानं लोकांच्या भावना समजून घ्याव्यात’ या वाक्यावर येऊन समाधानानं थांबतो. समजून घेतल्यावर त्या भावनेचं करायचं काय, याला कोणी हात घालत नाही. भाचीनं घातला, पण आडवळणानं.

भाची : मामा, गाव हलवायचं का, हे लोकांना कधी विचारलं?

मामा : दसऱ्या-दिवाळीच्या आत म्हण. ढिगारे पण पुरते उपसले नव्हते.

भाची : मग नकाशा झाल्यावर पुन्हा विचारलं?

मामा : नकाशा दाखवला काही ठिकाणी.

भाची : दाखवला नव्हे. विचारलं का, की बाबांनो, सहा महिने झाले, उन्हाळा आलाय, पेरणी तोंडावर आहे, अजून हलायचंच आहे का? सगळ्यांनी, का निम्म्यांनी? एवढ्या लांब का पलीकडच्या माळावर?

मामा : कशाला विचारायचं? ठराव झाला होता.

भाची : बघा.

मामा : काय बघा?

भाची : ज्याचं अख्खं घर गेलं त्याला महिना-दीड महिन्यात विचारलं, आणि तो जे बोलला ते कायमचं धरलं. भीती खरी होती. पण ‘दगडानं मारलं’ हा त्या भीतीनं काढलेला निष्कर्ष होता, आणि तो चुकीचा होता, हे तुम्हीच आता सांगितलं. दगडानं नाही मारलं. आरपार दगड नव्हता आणि वर माती जास्त होती, त्यानं मारलं. माणसाच्या भीतीला मान द्यायचा. तिच्याकडून गावाचा नकाशा काढून घ्यायचा नाही.

मामा : बोलायला सोपं आहे. लोक पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात भाजतात, पावसाळ्यात चिखल, साप. वर गावं दत्तक घेतलेल्या संस्था, त्यांना देणगीदारांना घरं दाखवायची घाई. जागतिक बँकेच्या पैशाला मुदत. मी सहा महिने थांबून दुसऱ्यांदा विचारत बसलो असतो आणि त्या शेडमध्ये एक लेकरू साप चावून मेलं असतं, तर तूच मला दोष दिला असतास.

भाची : दिला असता. पण घरांच्या किल्ल्या हातात पडायला कितीतरी गावांना तशीही दोन-तीन वर्षं लागलीच ना? तेवढ्यात एकदा विचारून होत नव्हतं? आणि मामा, तुम्ही एक सांगतच नाही. बावन्न गावांचंच सांगता. बाकीचं?

हा प्रश्न नेमका बसला. भूकंपाची झळ बावन्न गावांपुरती नव्हती. ज्या गावांत घरं पडली नाहीत पण खिळखिळी झाली, तिथं सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. तिथं ठेकेदारानं नगर बांधून दिलं नाही. ज्याचं घर त्यानंच ते दुरुस्त करायचं होतं. आणि तिथं सरकारनं एक वेगळी गोष्ट केली. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था बरोबर घेतली, आणि गावोगाव महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं. कोणाचा हप्ता अडला, सिमेंट कुठं थांबलं, मिस्त्री काय चुकवतोय, हे बघायचं, विचारायचं, वर कळवायचं. एकदा नाही, काम चालू होतं तोवर.

मामा : हो, होत्या त्या बाया. सुरुवातीला आम्हाला वाटलं, ही एक नवीन कटकट.

भाची : सांगा ना. मला एकदा सांगितलं होतं तुम्ही.

मामा : औसा तालुक्यातलं एक गाव. मी भिंत बघायला गेलो. बाई होती चाळिशीची, डोक्यावर पदर, शाळा बहुतेक चौथीपर्यंत. मिस्त्री म्हणाला, साहेब, सगळं झालंय. मी सही करायला पेन काढला. बाई भिंतीजवळ गेली, हात फिरवत इकडून तिकडं चालत आली आणि म्हणाली, “साहेब, आरपारचा दगड दोन्ही बाजूंनी दिसायला पाहिजे म्हणून तुमच्याच माणसानं सांगितलं. आतून चार दिसायलेत. बाहेरून एक पण नाही. मग ते चार गेले कुठं?” मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला. दगड अर्धेच घातलेले! आतल्या थराला लावून मोकळा. पुन्हा काढायला लावलं सगळं.

भाची : ती घाबरलेली नव्हती?

मामा : नव्हती कशी? घर पक्कं झालं तरी रात्री अंगणात झोपायची. मी विचारलं, बाई, आता काय भ्या? ती म्हणाली, “दिवसा नाही वाटत. रात्रीचं रात्री बघू.”

भाची : तिला ‘घाबरू नका’ असं कोणी म्हणालं नाही. गाव पण हलवून दिलं नाही. तिच्या हातात काम दिलं, आणि ती जे विचारेल त्याचं उत्तर द्यायला एक साहेब उभा केला. माझ्या शिबिराचं एवढंच तर सार आहे.

मामा : मग शिबिरात भिंत का नाही दाखवत? त्या पडद्यावर हसरे-रडके चेहरे दाखवता.

भाची : (हसून) चेहऱ्यांचं बरोबर आहे तुमचं.

चहा आला. मामांनी बशीत ओतला. मधेच २०१६ चा उन्हाळा निघाला, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हाचा. मार्चमध्येच पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लावावं लागलं होतं. मामांचं मत, पोलीस उभे केले म्हणून डोकी फुटली नाहीत. भाची त्या वेळी स्वतः घागर घेऊन रांगेत होती. तिचं म्हणणं, भांडण पाण्यावरून कमी आणि टँकर कधी येणार ते न कळण्यावरून जास्त व्हायचं; ज्या गल्लीत वार आणि वेळ आधी कळायची तिथं बायका घरचं काम उरकून निवांत यायच्या. मामांना हे लगेच पटलं. “आवर्तनाचं वेळापत्रक!” म्हणाले. “कालव्याला पाणी कमी असलं तरी शेतकरी ओरडत नाही, पाळी चुकली की ओरडतो.” वेळापत्रक लावणं ही भावनिक बुद्धिमत्ता, हे मी तोवर कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पण हेडमास्तर म्हटलं जाणारा माणूस या मातीत इतकी वर्षं निवडून का येत राहिला, त्याचा थोडा उलगडा त्यात मला झाला.

मामा निघताना चपला घालत होते तेव्हा भाचीनं पुन्हा उकरलं.

भाची : मामा, पुढच्या महिन्यात शाखाधिकाऱ्यांचं शिबिर आहे. याल का? किल्लारीचं सांगायला.

मामा : मी कशाला? तू त्यांना एकच विचार. कर्जवसुलीचा असो, बदल्यांचा असो, एखादा निर्णय झाला. सहा महिन्यांनी तुम्ही परत त्याच माणसांकडं गेलात आणि विचारलंत, बाबांनो, अजून हेच पाहिजे का? तर तुमचा वरचा साहेब काय म्हणेल?

भाची : म्हणेल, ठराव झालाय ना.

मामा : मग त्यांचं कशाला घेतेस शिबिर? आधी त्या साहेबाचं घे.